निळ्याखालचा निळा

गेले तीन आठवडे इथे काही लिहिलं नाही, त्याचं कारण माझी नखं बघितलीत तर लगेच कळेल. प्रायमरची कड अजून निघालेली नाही. तर मंडळी, मी बाबांची स्कूटर रंगवली. घरी. म्हणजे आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिन्याशेजारच्या कोपऱ्यात, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा सल्ला ऐकत.

स्कूटर म्हणजे बजाज चेतक, १९९१ सालची. २०२० पासून रस्त्यावर दिसायला लागली ती विजेवरची चेतक वेगळी. ही पेट्रोलची, पत्र्याच्या अंगाची, थंडीत एका बाजूला कलंडवून मग किक मारावी लागणारी. मावशीला आठवत असेल, तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी बाबांनी हिच्यावरून कार्यालयात सात फेऱ्या मारल्या होत्या, आणि शेवटच्या फेरीला मागे मी मांडीवर केळीचा घड घेऊन बसले होते.

चार वर्षांपूर्वी गुडघ्यांमुळे बाबांचं स्कूटर चालवणं थांबलं. त्यांनी तिच्यावर जाड प्लॅस्टिकचं कव्हर घातलं, सुतळीने बांधलं, आणि मग हळूहळू त्यांचं खाली उतरणंही थांबलं. लिफ्ट आहे, पण "खाली जाऊन करायचं काय?" हा त्यांचा प्रश्न. यंदा पाऊस ओसरल्यावर कव्हर काढलं तर स्कूटर तपकिरी ठिपक्यांनी भरलेली. मी वर जाऊन सांगितलं. बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "देऊन टाक भंगारात. पत्रा गेलाय तिचा." नागपूरहून दादाचंही तेच मत. शिवाय पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, ते पुन्हा जवळ आलेलं.

पण पत्रा गेलाय की नाही, हे वरून बघून कळत नाही. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो, एवढं आपण शाळेत शिकलेलो असतो. पुढची गंमत अशी, की अॅल्युमिनियमवर बसणारा थर घट्ट असतो, तो आतल्या धातूला जपतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत. तो ओल धरून ठेवतो आणि खालचं लोखंड खात जातो. चेतकच्या पायाशी रबराच्या पट्ट्या बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या चिपा असतात. त्या काढल्या तर चिपा फक्त मळकट झालेल्या, आणि त्यांच्याखालचा पत्रा पार लाल. प्लॅस्टिकच्या कव्हरनेही तेच केलं होतं. बाहेरचा पाऊस अडवला, पण जमिनीतून वर येणारी ओल आत कोंडून ठेवली.

मग मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन ठिपकान् ठिपका टोचत बसले. जिथे टोक आत जात नाही आणि ठोकल्यावर खणखणीत आवाज येतो, तिथे गंज वरवरचा. जिथे आवाज बद्द येतो किंवा पापुद्रे सुटतात, तिथे प्रकरण गंभीर. दोन डिक्या, पुढचा मडगार्ड, हँडलखालची ढाल, सगळीकडे वरवरचाच. फक्त ब्रेकच्या पायपट्टीजवळ टोक आरपार गेलं. रुपयाएवढं भोक.

वर जाऊन बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं?" पण या वेळी पेपर खाली ठेवला. "पायपट्टीच्या कुठल्या बाजूला?" मला नीट सांगता येईना. मग ते स्वतःच चपला घालून खाली आले. किती महिन्यांनी, ते मी मोजलं नाही.

भोकात लांबी भरून वर रंग मारायचा सल्ला दोघा-तिघांनी दिला होता. बाबांनी साफ नाही म्हटलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. चेतकला वेगळी चेसी नसते, हा पत्राच तिचा सांगाडा. तिथे लांबी भरणं म्हणजे मोडक्या हाडावर पावडर लावणं. आमचा नेहमीचा मेकॅनिक आला, त्याने पेट्रोलची टाकी उतरवून दूर नेऊन ठेवली, आणि मगच वेल्डिंगवाल्याला हात लावू दिला. गंजलेला भाग चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापून काढला आणि नवा तुकडा जोडला. बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दोन तास बसून होते आणि ठिणग्या उडत असल्या तरी वाकून बघत होते. त्यांना मागे ओढण्यात माझा अर्धा जीव गेला.

बाकीचं काम माझं. आधी साबणाने धुऊन तेलकटपणा काढला. मग तारेचा ब्रश. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर गंजावर, आणि कडा उतरत्या करायला १८० आणि ३२०. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून रंग घासताना ओला वॉटर पेपर वापरला आणि तोंडाला मास्क लावला. पण ओलं केलेलं उघडं लोखंड पुसून लगेच कोरडं करावं लागतं, नाहीतर तासाभरात पुन्हा नारिंगी झाक येते. खड्ड्यांतला, पेपर पोचत नाही तिथला गंज फॉस्फोरिक अॅसिडच्या द्रावणाने घालवला. त्याने गंजाचं काळपट फॉस्फेट बनतं. हातमोजे आणि चष्मा लावूनच हे करायचं, आणि मग बाटलीवर लिहिलं असेल तसं धुऊन वाळवायचं.

घासताना एक गोष्ट दिसली, जिच्यासाठी खरं तर हा सगळा लेख लिहितेय. रंगाच्या कडा उतरत्या झाल्या की खालचे थर वलयांसारखे दिसायला लागतात. झाडाच्या खोडात दिसतात तसे. आणि आमच्या निळ्या स्कूटरमध्ये तीन निळे निघाले! आरसी बुकात नुसतं 'निळा' लिहिलेलं, त्यामुळे बाबांनी रंग कधी बदलला नव्हता. पण दर वेळी पेंटरने कालवलेला निळा वेगळा. बाबांनी बोट ठेवून सांगितलं, हा सगळ्यात वरचा, मी नोकरीला लागले त्या वर्षीचा. मधला गडद, आईला घेऊन घसरले होते त्यानंतरचा. "तेव्हा तुझी आई महिनाभर मागे बसली नाही," ते म्हणाले. आईला जाऊन सहा वर्षं झाली. ही गोष्ट मला माहीतच नव्हती. सगळ्यात खालचा, किंचित राखाडी झाक असलेला, तो कंपनीचा. तो धडपणे फक्त डिकीच्या आत शिल्लक होता, जिथे कधी ऊन पोचलं नाही.

मग डिकी काढून रिक्षात घातली आणि रंगाच्या दुकानात नेली. दुकानदाराने आतल्या बाजूचा निळा बघून तस्साच कालवून दिला. बाबांनी तो उजेडात, मग सावलीत, मग पुन्हा उजेडात धरून बघितला आणि मान डोलावली.

रंगाचं सांगायचं तर, घाई करायची नाही. प्रायमर मारून दिवसचे दिवस तसाच ठेवायचा नाही, कारण तो ओल पितो. फवारा वीत-सव्वावीत लांबून मारायचा, पत्र्याच्या बाहेर सुरू करून पत्र्याच्या बाहेर संपवायचा, आणि एका जाड थराऐवजी तीन पातळ थर द्यायचे. हवेत दमटपणा असला तर लॅकरवर पांढुरकी साय येते, म्हणून ढगाळ दिवशी मी हात लावला नाही. दसऱ्याला झेंडूचा हार पडला तेव्हा रंग जेमतेम सुकला होता. आता महिनाभर पॉलिश नाही.

रंग कारखान्यातल्यासारखा झालाय का? नाही. उजव्या डिकीवर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा आहे, आणि दादाने फोटो बघून तो बरोब्बर ओळखला. असो.

नूतनीकरणाचा अर्ज टेबलावर पडलाय. पाच वर्षं कोण चालवणार, हे बाबा अजून विचारतात, आणि मी अजून उत्तर दिलेलं नाही. किक मला जमते, गिअरचं बघू. प्लॅस्टिकचं कव्हर मात्र फेकून दिलं. आता तिच्यावर आईची एक जुनी सुती चादर असते, आणि ती रोज सकाळी काढून उन्हात झटकावी लागते, नाहीतर ओल धरते. हे काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. साडेआठला खाली जातात. वर यायला दहा वाजतात.