हाक, जी कुणालाच ऐकू जात नाही

ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या वर्षावनात, ओल्या पालापाचोळ्यात, नखाएवढा एक केशरी बेडूक राहतो. शास्त्रीय नाव ब्रॅकिसेफॅलस इफिपियम. तिकडचे लोक त्याला ‘सोन्याचा थेंब’ म्हणतात. लांबी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. पावसाळ्यात नर दिवसाढवळ्या किड्यासारखा किरकिरत हाक घालतो. 2017 साली संशोधकांनी दाखवून दिलं, की ती हाक ना त्याला ऐकू येते, ना जिच्यासाठी घातली त्या मादीला. एवढा चढा सूर टिपणारा आतल्या कानाचा भाग या जातीत पुरता वाढतच नाही.

आपल्याकडे अशा गोष्टीचा लगेच दृष्टान्त होतो. फळाची आशा न धरता गात राहावं, वगैरे. एखाद्या कीर्तनकाराला हे आयतंच सापडेल. मला ते पटत नाही. बेडूक कर्मयोगी नाही. हाक घालताना त्याचा गळा फुगतो आणि मादीला तो फुगलेला गळाच दिसत असावा, असा कयास आहे. आवाज पूर्वजांकडून आला आणि राहून गेला. तो ऐकून कुणी शिकारी आलाच, तर याच्या कातडीत विष आहे, फुगू माशात असतं तेच. आवाज नडला नाही म्हणून टिकला, इतकंच. निसर्गाला अडगळ काढायची घाई नसते.

उडीची तऱ्हा आणखी न्यारी. उडतो झोकात, पण हवेत गेला की गरगरतो आणि पाठीवर, डोक्यावर, जमेल तसा आदळतो. चित्रफीत पाहून मी पोट धरून हसलो. कारण मात्र गंभीर आहे. तोल सांभाळणाऱ्या कानातल्या नलिका इतक्या अरुंद, की आतला द्रव पुरेसा हलतच नाही. देह कितीही आक्रसला तरी द्रवाचे नियम त्याच्यासाठी आक्रसत नाहीत.

तरी त्याचं काही अडत नाही. एरवी तो सावकाश चालतोच. वाढायला डबकंही लागत नाही. मादी अंडी मातीत घोळवते आणि त्यातून बेडूकमासा नव्हे, थेट चिमुकला बेडूक बाहेर पडतो.

अडतं ते जंगलापाशी. तिथलं बरंचसं रान आधी उसाला, मग कॉफीला, पुढे शहरांना गेलं. इफिपियम अजून बऱ्याच ठिकाणी सापडतो. पण त्याच्या भाऊबंदांतल्या कित्येक जाती एकेका डोंगरमाथ्यावरच आहेत. तो माथा बोडका झाला, की ती जात संपली.