तुटलेल्याची पारख

दुकानातून आणलेलं नवं खेळणं मोडकं निघालं तर काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं: पावती शोधायची आणि ते बदलून घ्यायचं. संग्रहासाठी घेतलेलं साठ वर्षांपूर्वीचं खेळणं असं बदलून मिळत नाही. ते आपल्यासाठी नवं असलं तरी त्याचं आयुष्य आपल्या आधी कितीतरी घरांत गेलेलं असतं. म्हणून त्यात काय मोडलंय यापेक्षा ते कशाने मोडलं, हा प्रश्न मला मोठा वाटतो. हात लावायचा की नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या कारणातच सापडतं.

नुकतीच माझ्याकडे आलेली गाडी कॉर्गीची आहे: जेम्स बाँडची अ‍ॅस्टन मार्टिन डीबी ५. ‘गोल्डफिंगर’ हा चित्रपट १९६४ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी कॉर्गी खेळणी बनवणाऱ्या मेटॉय कंपनीने ही छोटी ओतीव गाडी बाजारात आणली. पडद्यावरची गाडी रुपेरी होती, ही सोनेरी. कळ दाबली की पुढून बंदुका बाहेर येतात. मागचे सायलेन्सर दाबले की गोळ्या अडवणारी ढाल वर उठते. आणखी एक कळ दाबली की छप्पर उघडतं आणि शेजारच्या सीटवरचा बदमाश हवेत उडतो. मुठीत मावणाऱ्या गाडीत एवढी करामत बसवणाऱ्या कारागिरांबद्दल मला मनापासून आदर आहे.

माझ्या गाडीतली बदमाशाची जागा रिकामी आहे. कडांवरचा रंग उडालाय. ढाल अर्ध्यावर येऊन अडते. बंपरमधून पुढे येणाऱ्या एका दांड्याचं टोक तर वाटेतच तुटलं होतं. मोडलेली जागा अगदी स्वच्छ होती आणि तुकडा कागदाच्या घडीत सापडला. एकाच गाडीतली ही मोडतोड एका जातीची नाही.

पहिली जात खेळण्यातून आलेली. तो बदमाश घडवलाच होता उडवण्यासाठी. पलंगाखाली, बागेत, गटारात असे किती बदमाश गेले असतील! तो हरवला याचा अर्थ गाडीने आपलं काम चोख केलं. उडालेल्या रंगाचंही तेच. कुणीतरी लहान बोटांनी ही गाडी जमिनीवरून पळवली, पायऱ्यांवरून सोडली, दुसऱ्या गाडीवर आदळली. त्याची नोंद त्या टवक्यांत आहे. नवा रंग चढवायचा तर आधी जुना खरवडावा लागतो, आणि १९६५ मध्ये कारखान्यात बसलेला तो थर पुन्हा कधीच मिळत नाही. म्हणून मी रंगाला हात लावत नाही. बदमाशाची आजच्या काळात बनवलेली प्रतिकृती मात्र मी खुशाल बसवेन. तिच्यामुळे मूळचं काही जात नाही आणि ती केव्हाही काढता येते.

दुसरी जात ताज्या अपघाताची. वाटेत तुटलेल्या टोकात कुणाचं बालपण नाही, नुसती सैल बांधाबांध आहे. ते जोडलंच पाहिजे. पण कशाने? क्षणात चिकटणाऱ्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढुरका थर सोडते आणि जोड चुकला तर तो सोडवताना आणखी काही मोडतं. संग्रहालयांतले जतनतज्ज्ञ पॅरालॉइड बी-७२ नावाची राळ वापरतात, कारण तो जोड अ‍ॅसिटोनने पुन्हा सोडवता येतो. अर्थात अ‍ॅसिटोन रंगाला आणि प्लास्टिकच्या काचांनाही विरघळवतं, त्यामुळे तिथे हात फार जपून चालवावा लागतो. पण त्यामागचं तत्त्व मला पटतं. उद्या माझ्यापेक्षा जाणता माणूस ही गाडी हातात घेईल, त्याला माझं काम उलटवता आलं पाहिजे.

अडणारी ढाल या दोन्हींत बसत नाही. आतली स्प्रिंग थकली असेल किंवा एखादा भाग वाकला असेल. ते पाहायचं तर गाडीचा तळ उघडावा लागेल, आणि तो रिव्हेटनी कायमचा बंद केलेला आहे. रिव्हेटची डोकी ड्रिलने उडवल्याशिवाय तो निघत नाही. पूर्ण उठणाऱ्या ढालीसाठी कारखान्याने घातलेली ही शेवटची मोहर फोडावी, असं मला वाटत नाही. ढाल अर्धीच उठो.

आणखी एक जात आहे, जिच्यापुढे कुणाचंच कौशल्य चालत नाही. फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३० च्या दशकात डिंकी गाड्या काढल्या. त्या जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या असत. त्यात शिशाचा अंश शिरला, अगदी टक्क्याच्या शंभराव्या भागांत मोजावा इतका, तरी दमट हवेत धातू आतून कणाकणाने तडकू लागतो. चाकं फुगतात, सांगाडा वाकतो आणि शेवटी गाडी भिजल्या बिस्किटासारखी कुस्करून जाते. त्यावर कसलाच गोंद उपयोगी नाही. कोरड्या, स्थिर हवेत ठेवून तिची झीज लांबवता येते, एवढंच. मुंबईच्या पावसाळ्यात असा संग्रह सांभाळणाऱ्याला हवेतला दमटपणा एखाद्या शत्रूइतका ओळखीचा होतो.

सगळं जुळवून गाडी ‘पूर्ण’ करण्याचा मोह मला कळतो. सुंदर वस्तूतली उणीव डोळ्यांना टोचतेच. पण अशा पूर्णतेपायी इतिहास पुसला जातो. डिंकीचे काही साचे पुढे कोलकात्याला आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ या नावाने गाड्या निघाल्या. साचा तोच, पण घडवणारे हात, रंग आणि बाजार वेगळे. निकीची चाकं काढून कुणी डिंकीला लावली, तर एक गाडी धड दिसेल, पण लिव्हरपूलची आणि कोलकात्याची, दोन्ही हकिकती कायमच्या गोंधळतील.

म्हणून माझ्याकडच्या प्रत्येक खेळण्यासोबत मी एक चिठ्ठी ठेवतो. कुठला भाग मूळचा, कुठला नंतरचा, जोड कशाने दिला, काय मुद्दाम तसंच सोडलं, हे तिच्यात लिहिलेलं असतं. बाजारात मूळ भागांची किंमत वेगळी आणि प्रतिकृतीची वेगळी, त्यामुळे विकताना हा प्रामाणिकपणा लागतोच. पण विकायचं नसतानाही मी ती लिहितो. खेळण्याचा मी पहिला धनी नाही आणि शेवटचाही नसेन. मधल्या काळात दुरुस्तीचा अधिकार माझ्याकडे येतो, तेव्हा मी काय केलं ते पुढच्याला सांगण्याची जबाबदारीही माझ्याकडेच येते.