भाच्याचा संगणक आणि ताईचे पंचेचाळीस हजार

सुलतानपूरसारख्या गावात मजुरी करणाऱ्या घरातल्या मुलाने खेळण्यासाठी संगणक मागितला, तर घरात काय होईल हे वाचक बंधू-भगिनींना वेगळे सांगायला नको. माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी नेमके तेच झाले. भाऊजी गवंडीकाम करतात. ताई शेतमजुरीला जाते, बायकांच्या बचत गटात आहे. भाचा बीसीएच्या पहिल्या वर्षाला. मागणीला अभ्यासाचे निमित्त होतेच, पण पोरगा सरळ स्वभावाचा. "मामा, खोटं काहून सांगू, मले गेम खेळाचा आहे," असे तो मला तोंडावर म्हणाला. ताईचे म्हणणे एवढेच होते की एवढ्या पैशात म्हैस येते, आणि म्हैस दूध तरी देते.

भाऊजींचा विरोध वेगळ्या कारणाने होता. पलीकडच्या एका गावातल्या तरुणाने मोबाईलवर पैसे लावून खेळण्याच्या नादात घरची मोटारसायकल विकली होती. त्यांच्या लेखी गेम म्हणजे जुगार. मी त्यांना एवढेच सांगितले की पैसे लावण्याचा खेळ वेगळा आणि करमणुकीचा वेगळा. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्यातही हा फरक केलेला आहे. ई-स्पोर्ट्सला त्या कायद्याने मान्यता दिली. चीनमधल्या हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत हे खेळ पदकांसाठी खेळले गेले होते. आता आपला भाचा पदक आणील असा माझा दावा नाही. पण दिवसभर सेंटरिंगच्या फळ्या वाहून आलेल्या पोराला संध्याकाळी दोन तास खेळावेसे वाटले, तर तो गुन्हा कसा? शहरातल्या साहेबाच्या मुलाने केला तर छंद आणि आपल्या मुलाने केला तर उधळपट्टी, हा हिशेब मला पटत नाही.

हिशेब मात्र करायलाच हवा होता. पैसे कुठून येणार होते ते लिहितो. भाच्याने दोन उन्हाळे मजुरी करून जमवलेले अठरा हजार, ताईच्या डब्यातले बारा हजार आणि बचत गटाचे कर्ज पंधरा हजार. एकूण पंचेचाळीस. कर्जाचा हप्ता ताईच्या नावावर. वस्तू फसवी निघाली असती तर भरपाई करायला घरात दुसरी पै नव्हती.

फसवी वस्तू दारात येऊन उभीही होती. भाच्याने मोबाईलवर एक जाहिरात पाहिली होती : तयार गेमिंग कॉम्प्युटर, कोअर आय-सेव्हन, सोळा जीबी, ग्राफिक्स कार्डासहित, फक्त बावीस हजार, वर रंगीत दिव्यांचे पंखे. मी वाणिज्य शाखेचा माणूस. नोकरीसाठी एमएस-सीआयटी केले तेवढाच माझा संगणकाशी संबंध. पण बिल वाचण्याची सवय आहे. जाहिरातीत आय-सेव्हन लिहिले होते, पुढचा आकडा कुठेच नव्हता. आणि सगळे मर्म त्या आकड्यातच असते. इंटेलच्या प्रोसेसरवर २६०० लिहिले असेल तर तो दुसऱ्या पिढीचा, म्हणजे २०११ चा. १२४०० असेल तर बाराव्या पिढीचा. दुसऱ्या पिढीच्या आय-सेव्हनपेक्षा बाराव्या पिढीचा आय-थ्री जोमदार चालतो. नाव मोठे असून उपयोग नाही, साल पाहावे लागते. शिवाय विंडोज ११ हे आठव्या पिढीच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर होते. आम्ही विक्रेत्याला फोन करून प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक विचारला. "भाऊ, आय-सेव्हन आहे ना, मग झालं," एवढेच उत्तर मिळाले. विषय तिथेच संपला.

मग सुटे भाग आणून घरी जोडायचे ठरले. हे जमते याचे कारण जुने आहे. आयबीएम कंपनीने १९८१ मध्ये जो पीसी काढला, त्याची रचना तिने बरीच मोकळी ठेवली. इतरांना त्याचे भाग करता आले. पुढे इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स नावाचे माप ठरवून दिले. त्यामुळे एका कंपनीचा बोर्ड दुसरीच्या पेटीत आणि तिसरीच्या पॉवर सप्लायवर आजही बसतो. मुंबईतला लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा याच सुट्या भागांच्या धंद्यावर नावारूपाला आला.

तो रस्ता आम्ही पाहून आलो. २०२४ च्या सहा डिसेंबरला दादरला गेलो होतो, दुसऱ्या दिवशी शनिवार होता. भाच्याला घेऊन ग्रँट रोडला उतरलो आणि सात-आठ दुकानांतून नुसते भाव लिहून घेतले. एकाच वस्तूचे तीन भाव. बिल हवे म्हटले की चौथा.

खरेदी मात्र २०२५ च्या मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरला केली. मुंबईत सगळे मिळून हजारभर रुपये वाचले असते, पण एखादा भाग वॉरंटीत बदलायची वेळ आली तर मुंबईच्या दोन फेऱ्यांत ते गेलेच असते. संभाजीनगरला एसटीने जाऊन एका दिवसात परत येता येते. ताईही बरोबर आली. बायकांना २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे, आणि पैसे तिचे होते. दुकानात तिने एकच प्रश्न प्रत्येक डब्यापाशी विचारला, "हे बिघडलं तर कोण बदलून देईल, ते लिहून द्या." दुकानदार हसला, पण प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर उतरवून दिला. प्रोसेसरही कंपनीच्या बंद खोक्यातलाच घेतला. सुटा स्वस्त मिळत होता, पण खोके नसले की वॉरंटीला वाली नसतो.

खरा वाद झाला तो ग्राफिक्स कार्डावरून. खेळाचे चित्र रंगवण्याचे काम हे कार्ड करते आणि चांगले नवे कार्ड म्हणजे वीस हजारांच्या घरात. पंचेचाळीस हजारांत ते बसवायचे तर बाकी सगळे हलके घ्यावे लागले असते. भाच्याने तोड काढली, जुने कार्ड घेऊ. इथेही धोका होता. आभासी नाणी खोदण्याच्या धंद्यात ही कार्डे वर्षानुवर्षे रात्रंदिवस चालवलेली असतात. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियम या नाण्याची पद्धत बदलली, खोदकाम बंद पडले आणि तसली कार्डे ढिगाने बाजारात आली. सगळीच वाईट असतात असे नाही, पण बिल नाही, वॉरंटी नाही. कर्जाच्या पैशात असली जोखीम नको, असे मी ठाम सांगितले.

शेवटी एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतला. सहा गाभ्यांचा आहे, २०२१ चा आहे, आणि चित्र काढणारा भाग त्याच्या पोटातच आहे. वेगळ्या कार्डाशिवाय हलकेफुलके खेळ चालतात, आणि पुढे पैसे आले की कार्ड वरून लावता येते. एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. या चित्रभागाला स्वतःची मेमरी नसते, तो रॅममधून उसनी घेतो. म्हणून सोळा जीबीची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्याव्यात. दोन बैल जुंपले की औत जसे ओढले जाते, तसा वेगात फरक पडतो.

भाव असे लागले. प्रोसेसर ११,८००, मदरबोर्ड ५,४००, रॅम ३,४००, पाचशे जीबीची एनव्हीएमई डिस्क २,९००, पॉवर सप्लाय ३,९००, पेटी २,६००, मॉनिटर ७,६००, की-बोर्ड आणि माउस मिळून १,१००, यूपीएस ४,३००. बेरीज त्रेचाळीस हजार. त्यात अठरा टक्के जीएसटी म्हणजे साडेसहा हजारांच्या आसपास सरकारला गेले, हे माझ्यातल्या कारकुनाने मोजलेच. उरलेल्या दोन हजारांत बसभाडे आणि अर्थिंगचे काम झाले.

पॉवर सप्लायवर भाचा नाराज होता. आठशे-हजाराचाही मिळतो म्हणाला. पेटीसोबत फुकटातही देतात. पण आपल्याकडची वीज कशी आहे? कधी दिवा मिणमिणतो, कधी एकदम लख्ख होतो, वाऱ्याची झुळूक आली की गुल. स्वस्त सप्लाय जळताना एकटा जळत नाही, बोर्डालाही घेऊन जातो. म्हणून साडेपाचशे वॉटचा, ८० प्लस ब्राँझ प्रमाणपत्राचा घेतला. आज तेवढी गरज नाही, पण पुढे येणारे कार्ड एकटेच सव्वाशे-दीडशे वॉट ओढेल. यूपीएसही दुकानातच याच सप्लायवर लावून पाहिला, कारण स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर काही सप्लायना मानवत नाही आणि वीज जाताच संगणक बंद पडतो. अर्थिंगसाठी भाऊजींनी स्वतः मोरीच्या बाजूला खड्डा खणला. विरोध होता, पण खड्डा नीट खणला.

जोडणी पलंगावरची गादी काढून, लाकडी फळ्यांवर केली. या प्रोसेसरच्या पायात बारीक पिना असतात. त्रिकोणाच्या खुणेवर खूण ठेवून तो अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून मधूनमधून पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. पहिल्यांदा बटन दाबले तेव्हा पंखे फिरले पण पडदा काळाच. ताईचा चेहरा मला पाहवेना. भाच्याने रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा टक् आवाज येईपर्यंत दाबल्या, आणि चित्र आले.

विंडोजचा परवाना आमच्या अंदाजपत्रकात नव्हता. एकाने चोरीची प्रत फुकट टाकून देतो म्हटले, ते नाकारले. कॉलेजचे आणि बँकेचे पासवर्ड ज्या यंत्रात जाणार, त्यात कोणी काय घातले आहे कोण जाणे. सध्या लिनक्स आहे, तो विनामूल्य आहे. त्यावर काउंटर-स्ट्राइक २ चालतो, चित्राचा दर्जा खाली ठेवावा लागतो. भाच्याचा जीव व्हॅलोरंटमध्ये, आणि तो लिनक्सवर चालत नाही. यावरून तो अजून कुरकुरतो.

आमच्या भागातला उन्हाळा आणि काळ्या मातीची धूळ यांचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. पेटी जमिनीवर न ठेवता टेबलावर, भिंतीपासून वीतभर दूर. सोयाबीनची मळणी सुरू झाली की जाळी आठवड्याला झटकायची, एरवी महिन्याला. विजेचे म्हणाल तर मॉनिटरसह खेळताना सव्वाशे वॉट धरा. रोज चार तास म्हणजे अर्धे युनिट, महिन्याला पंधरा युनिट. भाऊजींनी बिल दोन महिने शेजारी ठेवून तपासले, मगच बोलणे थांबवले.

वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्जही आता याच यंत्रावरून भरले जातात. भाचा त्याचे पैसे घेत नाही. मात्र संध्याकाळी सात ते नऊ खुर्चीला कोणी हात लावायचा नाही, असे त्याने बजावून ठेवले आहे.

ज्यांना आज असा संगणक जोडायचा आहे त्यांनी माझे वरचे आकडे जसेच्या तसे धरू नयेत. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव दुपटीहून अधिक चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक-केंद्रांसाठी मेमरी बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांनी आपला माल तिकडे वळवला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. डिस्कही महागल्या. अशा वेळी भाव कमी दिसला म्हणून बिलाविना पट्टी घेऊ नये, आणि आठ जीबीच्या एका पट्टीवर सुरुवात करून दुसरी नंतर घातली तरी चालते, खेळ तेवढा संथ होतो.

गटाच्या कर्जाचे सहा हप्ते फिटले आहेत. ग्राफिक्स कार्डासाठी भाच्याने चार हजार जमवले आहेत आणि ते ताईकडे ठेवायला दिले आहेत. आधी परवाना घ्यायचा की कार्ड, यावर मामा-भाच्याचे अजून एकमत नाही.