मोंढ्याचा दोर, डोंगराचा दोर

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांची महाराष्ट्राला असलेली ओळख मोंढ्याची आहे, शिकवणी वर्गांची आहे, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले त्या टंचाईची आहे. डोंगरकड्यांसाठी या भागाचे नाव कोणी घेत नाही. सह्याद्रीचे रौद्र कडे पश्चिमेला दूर राहिले; येथे बालाघाटाचे पठार, काळी जमीन आणि क्षितिजापर्यंत सोयाबीन-तुरीची शेते. तरीही या शहरांतील व्यापारी घरांत गेल्या काही वर्षांत एक नवा विषय जेवणाच्या वेळी निघू लागला आहे. महाविद्यालयात शिकणारा मुलगा रॅपलिंगला जातो म्हणतो, मुलगी पॅराग्लायडिंगसाठी कामशेतला जाऊ इच्छिते, आणि घरातील वडीलधाऱ्यांना काय उत्तर द्यावे ते उमगत नाही. सरसकट नकार दिला तर मूल न सांगता जाते. सरसकट होकार द्यावा तर मन धजत नाही.

वास्तविक जोखीम हा शब्द व्यापारी घराला परका नाही. जुन्या पेढ्यांवर जोखमी हुंडी नावाचा प्रकार चालत असे. माल मुक्कामी सुखरूप पोहोचला तरच त्या हुंडीचे पैसे द्यावयाचे. वाटेत गलबत बुडाले तर हुंडी घेणाऱ्याचे नुकसान. म्हणून ती घेणारा आधी गलबत, तांडेल आणि ऋतू या तिन्हींची चौकशी करी, आणि त्या हिशेबाने भाव पाडून मागे. साहसी खेळांकडे याच नजरेने पाहिले तर घरातील वाद बराच सोपा होतो. गलबत म्हणजे साधने, तांडेल म्हणजे प्रशिक्षक आणि ऋतू म्हणजे ऋतूच.

चालण्याच्या बाबतीत तर हा समाज मुळीच नवखा नाही. सम्मेदशिखरजीची चढण, वंदना आणि उतार मिळून सुमारे २७ किलोमीटरांची वाट साठीच्या आजीबाई एका दिवसात पार करतात. शत्रुंजयावर नव्वाणू यात्रा करणारे श्रावक-श्राविका लातूर-नांदेडच्या घरांतही भेटतात. मांगी-तुंगीच्या सुळक्यांखाली उभे राहून ज्यांनी वर पाहिले आहे, त्यांना उभ्या कातळाचा दरारा वेगळा सांगावा लागत नाही. परंतु येथेच एक गफलत होते. पायऱ्या चढून कमावलेला दम दोरावर उपयोगी पडतो, पण दोराचे ज्ञान पायऱ्यांवर मिळत नाही. पायरीवर पाय घसरला तर गुडघा फुटतो. कड्यावर घसरलेल्या पायाचा भार दुसऱ्या माणसाच्या हातातील दोरावर येतो. तो हात शिकलेला हवा.

या दोन जिल्ह्यांत सुरुवात कोठे करावी, याचे उत्तर जमिनीखालच्या दगडात आहे. लातूरहून निघाले की पहिला लागतो औशाचा भुईकोट. तट भक्कम दिसतात आणि तरुणांना तेथे दोर टाकण्याचा मोह होतो. परंतु औसा काय, उदगीर काय, कंधार काय, हे किल्ले वारसा म्हणून जपावयाचे आहेत. त्यांच्या चिऱ्यांत खिळा ठोकणे हा अपराध आहेच, शिवाय शतकांपूर्वीच्या चुन्याच्या सांध्यावर माणसाचे वजन टांगणे हा निव्वळ अविचार आहे. निलंग्याच्या वाटेवरील खरोशाची लेणी जांभ्या खडकात कोरलेली आहेत. जांभा मऊ, म्हणूनच तो कोरता आला. आणि मऊ म्हणूनच तो चढाईला निरुपयोगी. हाताने धरलेला कंगोरा हातातच येतो. खरोशाला जावे ते लेणी पाहण्यासाठी.

उदगीर तालुक्यात देवर्जनजवळचे हत्तीबेट मात्र नवशिक्यांचे पहिले डोंगर ठरावे असे आहे. सपाट रानातून एकाएकी उठलेली ही टेकडी, तिच्यातील गुहा आणि मोठमोठ्या शिळा पाहिल्या की हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांशी झुंजणाऱ्यांनी ठाण्यासाठी हीच जागा का निवडली असेल ते ध्यानात येते. पहाटे चढावे, ऊन तापण्यापूर्वी उतरावे. पायांत चांगल्या पकडीचे बूट, पाठीवर स्वतःचे पाणी स्वतः वाहण्याची सवय आणि उतारावर गुडघे सांभाळण्याची रीत, एवढे येथे शिकले तरी पुष्कळ. अपघात चढताना कमी आणि थकून उतरताना अधिक होतात.

नांदेड जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, देगलूर-बिलोलीकडे, काळा बेसाल्ट संपू लागतो आणि ग्रॅनाइट वर येतो. गोल, खरखरीत, उन्हात चमकणाऱ्या शिळा शेताच्या बांधावर कोणी आणून ठेवल्यासारख्या दिसतात. हाच ग्रॅनाइट पुढे तेलंगणभर पसरला आहे. हैदराबादहून श्री कुलपाकजी तीर्थाला मोटारीने जाणाऱ्या कुटुंबांनी वाटेत भुवनगिरीचा एकसंध, अंड्याच्या आकाराचा प्रचंड कातळ आणि त्यावरचा किल्ला पाहिलेलाच असतो. चालुक्य राजा त्रिभुवनमल्ल विक्रमादित्य याच्या नावाशी जोडलेला तो गड आहे. बहुतेक यात्रेकरू गाडीतूनच त्याकडे पाहतात आणि पुढे जातात. त्याच कातळावर प्रस्तरारोहणाचे शिक्षण दिले जाते, आणि तेथेच मालावत पूर्णा पहिला दोर धरायला शिकली.

पूर्णाची हकीकत नांदेडकरांना जवळची वाटावी अशी आहे, कारण ती शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यातील पाकाला गावची. आईवडील शेतमजूर, शिक्षण समाजकल्याण विभागाच्या निवासी शाळेत. २५ मे २०१४ रोजी ती एव्हरेस्टवर पोहोचली तेव्हा तिचे वय १३ वर्षे ११ महिने होते. वर्तमानपत्रांनी वयाचेच कौतुक केले. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर त्याआधीचा क्रम अधिक मोलाचा. आधी भुवनगिरीचा कातळ. तेथे निवडलेल्या मुलांपैकी थोडीच मुले दार्जिलिंगच्या हिमालयीन गिर्यारोहण संस्थेत गेली. मग लडाखची थंडी. प्रत्येक टप्प्यावर गाळणी लागत गेली आणि शेवटी पूर्णा व आनंद कुमार असे दोघेच शिखराकडे निघाले. तेरा वर्षांच्या मुलीला एवढ्या उंचीवर न्यावे की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. नेपाळच्या बाजूने त्या वयात परवानगी नसल्यामुळे ही चढाई तिबेटच्या बाजूने झाली, हेही विसरता येत नाही. परंतु एकही टप्पा गाळला गेला नाही, एवढे मान्य करावे लागते.

आता दोराविषयी. मोंढ्यात दोर काय कमी आहेत? ट्रकवर कट्टे आवळणारा नायलॉनचा दोर टनभर वजन पेलतो, मग त्यावर साठ किलोचा मुलगा का टांगू नये, असा प्रश्न हिशेबी मनाला पडतोच. उत्तर असे की वजन पेलणे आणि पडणे झेलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चढाईचा दोर झटका बसताच ताणला जातो आणि धक्का स्वतःत जिरवतो. न ताणणारा दोर कदाचित तुटणार नाही, पण पडणाऱ्याची कंबर मोडेल. कड्यावरून उतरण्यासाठी मात्र कमी ताणाचा वेगळा दोर वापरतात. दोन्ही दोरांना आयुष्य असते. उन्हाने, धारदार कडांनी, बॅटरीतील आम्लाच्या वाफेने ते आतून कुजतात, आणि न वापरताही दहा वर्षांनंतर ते बाद समजावेत असे उत्पादकच सांगतात. म्हणून चढाईची साधने कधीही जुन्या बाजारातून घेऊ नयेत. दुचाकीचे हेल्मेट कड्यावर चालत नाही, हेही सांगून ठेवलेले बरे.

रॅपलिंग दिसते सोपे. कमरेला हार्नेस, दोर अडकवला आणि उतरले. परंतु चढाईत हातापायांचा आधार असतो. येथे सारा भार दोर ज्याला बांधला त्या एका ठिकाणावर असतो. ते ठिकाण एक नसून दोन असावे, उतरणाऱ्याला दुसरा सुरक्षा-दोर असावा, दोराच्या टोकाला गाठ असावी, आणि मोकळे केस, ओढणी किंवा गळ्यातील साखळी उतरण्याच्या साधनात अडकणार नाही अशी आवरलेली असावी. निघण्यापूर्वी एकाने दुसऱ्याचे बक्कल हात लावून तपासावे. रोकड मोजताना सख्खा भाऊसुद्धा दुसऱ्यांदा मोजतो आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. तशीच ही रीत.

नांदेडकडे वळले की धोका दगडापेक्षा पाण्याचा अधिक. गोदावरीवर विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की घाटांवरचे शांत पाणी पाहता पाहता वाढते. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा त्याहून फसवा. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरून सहज पोहोचता येणारे हे ठिकाण श्रावण-भाद्रपदात माणसांनी फुलून जाते. काळ्या खडकांच्या फटींतून नदी अनेक धारांनी कोसळते, खडक शेवाळाने गुळगुळीत झालेले असतात, आणि तरुण मंडळी छायाचित्रासाठी एकेक पाऊल पुढे सरकतात. धबधब्यावर आभाळ निरभ्र असले तरी वरच्या बाजूला ईसापूर धरणातून विसर्ग होऊ शकतो. म्हणून पावसाळ्यात तेथे काठावरूनच दर्शन घ्यावे. चातुर्मासात साधु-साध्वींचा विहार थांबतो तो जीवरक्षेसाठी. ओल्या वाटेवर पाऊल न टाकण्याचा तो नियम या ऋतूत धबधब्याकडे धावणाऱ्या मुलांच्याही कामाचा आहे.

जीवरक्षेवरून आग्या मोहोळांची गोष्ट निघते. कंधारच्या तटाबुरुजांसारख्या जुन्या वास्तूंच्या उंच कमानींना आणि डोंगरकड्यांना ही पोळी लागतात. धूर, उग्र अत्तर, आरडाओरड आणि दगडफेक यांनी ती उठतात, आणि दोरावर लटकलेल्या माणसाला पळायलाही वाव नसतो. पोळे दिसले की त्या बाजूला दोर टाकावयाचा नाही. मधमाश्यांचेही घर राखले जाते आणि आपलेही.

प्रशिक्षक निवडताना व्यापारी घराने आपला स्वभाव सोडू नये. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि अशा सहली चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागू केली. ती नोंदणी आहे का, शिकवणारा कोठे शिकला, जवळचे रुग्णालय कोणते, जखमीला खाली कसे आणणार, हे प्रश्न उघडपणे विचारावेत. त्याहून नेमका प्रश्न म्हणजे, मागच्या वेळी सहल केव्हा रद्द केली होती? कधीच रद्द न करणारा आयोजक टाळावा. स्वस्त भावाचे आमिष येथेही असते, आणि वजनात मारलेला माल जसा घरी गेल्यावर कळतो तसे हे कड्यावर गेल्यावर कळते. विम्याच्या कागदावरही नजर टाकावी. साहसी खेळांविषयीचे कलम बहुधा बारीक अक्षरांत असते. अभ्यास पुढे न्यावयाचा असल्यास उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची संस्था किंवा पुण्यातील अनुभवी मंडळी आहेत. मात्र शिक्षणाने जोखीम घटते, नाहीशी होत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या त्याच नामांकित संस्थेचा चमू द्रौपदी का डांडा शिखराजवळ हिमस्खलनात सापडला आणि अनेक प्रशिक्षणार्थी व प्रशिक्षक प्राणास मुकले. आईवडिलांपासून ही गोष्ट लपवून परवानगी मिळवणे योग्य नव्हे.

मराठवाड्यातील गिर्यारोहकांत शेख रफीक आणि मनीषा वाघमारे ही नावे आदराने घेतली जातात. छत्रपती संभाजीनगरचे पोलीस कर्मचारी रफीक २०१४ मध्ये एव्हरेस्टला गेले, तेव्हा हिमस्खलनाने मोसमच संपला. २०१५ मध्ये पुन्हा गेले, तर नेपाळचा भूकंप झाला. दोन्ही वेळा ते परतले आणि २०१६ मध्ये शिखरावर पोहोचले. मनीषा वाघमारे २०१७ मध्ये शिखरापासून सुमारे १७० मीटरवरून खराब हवामानामुळे मागे फिरल्या. लाखो रुपयांचा खर्च झालेला, शिखर डोळ्यांसमोर आणि पाय मागे वळवावयाचे. पडत्या बाजारात तोटा सोसून माल काढलेल्यांनाच ते किती अवघड असते याची कल्पना येईल. पुढच्याच वर्षी, मे २०१८ मध्ये, त्या शिखरावर उभ्या होत्या.

पहिल्या वर्षासाठी एवढ्या उंचीची गरज नाही. कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाची यात्रा खुली होते तोच येथेही डोंगराचा मोसम सुरू होण्याचा काळ. होळीपर्यंत हवा बरी असते. पुढे पारा बेचाळीसच्या पलीकडे जाऊ लागला की खडकाला हात लावता येत नाही. त्या तीन-चार महिन्यांत माहूरची सहल करावी. सागाच्या दाट रानातून जाणारी वाट, तीन बाजूंनी पैनगंगेचा वेढा, रामगडाचे तट आणि राष्ट्रकूटकालीन पांडवलेणी असे सारे तेथे एका दिवसात पाहून होते. जवळच पैनगंगा अभयारण्य असल्याने वनात शिरण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी. उपवासाच्या किंवा पारण्याच्या दिवशी चढाई ठेवू नये. कोरडे शरीर उन्हात लवकर दगा देते. उकळलेले पाणी प्रत्येकी किमान तीन लिटर, सोबत खाकरा, गूळ-शेंगदाणे, आणि घरी ठेवलेल्या चिठ्ठीत वाट, सोबत्यांची नावे व परतण्याची वेळ. अडचण आल्यास ११२ किंवा १०८ हे क्रमांक आहेत, पण रानात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. पौषात या भागात पावणेसहाच्या आगेमागे दिवस मावळतो. चौविहार करणाऱ्यांना सूर्यास्तापूर्वीचे जेवण पायथ्याशी घ्यावयाचे असते, म्हणजे चारच्या आत गड उतरायला लागावे लागते, आणि अंधारात वाट चुकण्याचा प्रश्नच उरत नाही.