मोतिया की बदामी?

बैठकीच्या भिंतीवर रंगाऱ्याने दोन पट्टे मारून दिले. एक मोतिया, एक बदामी. मला मोतिया हवा होता, बायकोला बदामी. आमच्या गांधीबागेत साडी घेणारी बाईसुद्धा दुकानाच्या दारापर्यंत येऊन उजेडात रंग पाहते. आम्हीही दोन दिवस पाहिलं. सकाळच्या उन्हात फरक कळायचा, रात्री ट्यूबलाइटखाली जवळजवळ पुसला जायचा.

शेवटी अम्मीला विचारलं.

"दोनो एकच तो है," ती म्हणाली. मग तिने डावा डोळा हाताने झाकला. उजव्याचं ऑपरेशन गेल्याच महिन्यात झालंय. बदामी पट्ट्याकडे बोट करून म्हणाली, "अरे नहीं, ये तो पीला है!"

मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, पांढरंही पिवळसर दिसू लागतं. उर्दूत या आजाराला मोतियाच म्हणतात. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या मला हे ठाऊक होतं. तरी अम्मी दोन वर्षं "घर में उजाला कम है" म्हणत राहिली आणि मी नुसते बल्ब बदलत राहिलो.

रंगाऱ्याला म्हटलं, थोडं थांबा. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन होऊ द्या. रंग अम्मी ठरवेल.