थंड गाडीचा आवाज

"मामा, गाडी लई आवाज करायली. सायलेन्सरला दोन टाके मारा." कळमनुरीत गिऱ्हाईक येतं ते हिंगोलीहून, नाहीतर आखाडा बाळापूरहून गाडी तापवूनच. मी चावी मागून घेतो आणि म्हणतो, रात्रभर राहू द्या, सकाळी बघू.

तापलेलं लोखंड फुगतं आणि मॅनिफोल्डची बारीक चीर आपोआप मिटते. थंड इंजिन सुरू केल्यावर मात्र पहिली एक-दोन मिनिटं टिकटिक येते, मग विरते. तेवढ्यात कान लावायचा. गॅरेजातलं पोरगं मागच्या नळीवर ओला फडका क्षणभर दाबतं; दाब वाढला की जिथं पॅकिंग गेलंय तिथं फुसफुस होते. जोडावर काजळीचा पट्टा दिसला तर शंकाच उरत नाही. या टिकटिकीला टॅपेट समजून वरचं झाकण उघडणारेही आहेत, त्याचं मला फार वाईट वाटतं.

नळीतून पाणी ठिबकलं तर घाबरू नये. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. पण घर ते शेत एवढीच फिरणारी गाडी कधी पुरती तापतच नाही. पाणी सायलेन्सरच्या डब्यात साचतं, पत्रा आतून सडतो. म्हणून बऱ्याच डब्यांना कंपनीच खाली बारीक छिद्र ठेवते. ते भोक पडलं समजून वेल्डिंगनं बुजवलेले डबे मी कितीतरी पाहिलेत.

गाडी ओढत नसेल, वेग घेताना गुदमरत असेल, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलेला असू शकतो. आतली जाळी फोडून द्या म्हणतात. मी देत नाही. त्या जाळीवरचे प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम विषारी धुराचा जोर मोडतात. ती फोडली की विष गावाच्या श्वासात जातं. शिवाय जाळी मुळात का तुंबली, इंजिन ऑइल पितंय की प्लग मिस होतोय, ते तसंच राहतं.

सगळ्यात जास्त जपतो ते ओम्नीला. तिचं इंजिन पुढच्या सीटखालीच. तिथं धुराची गळती झाली की कार्बन मोनॉक्साइड आत शिरायला वेळ लागत नाही, आणि त्याला वास नाही, रंग नाही. काचा लावल्या की लेकरांचं डोकं दुखतं, असं कुणी सहज बोलून गेलं तरी मी आवाजाचं विचारतच नाही. पॅकिंग बदलेपर्यंत गाडी देत नाही. पोरांना तोवर ऑटोनं शाळेत पाठवा म्हणतो.