करडा पट्टा

रोलिंग मिलमधून आलेल्या प्लेटवर निळसर काळी झाक असते. नवख्याला ती देखणी वाटते. खरं तर ती असते मिल स्केल, म्हणजे लालबुंद पोलादावर धरलेली ऑक्साइडची खपली. तिच्यावर कितीही महागडा रंग मारा, खपली सुटली की तोही गेला.

म्हणून ब्लास्टिंग. हवेचा दाब सात बारच्या आसपास, जाडजूड होज, टोकाला कार्बाइडचा नॉझल आणि त्यातून सुसाट सुटणारी ग्रिट, म्हणजे कठीण बारीक कण. ब्लास्टरच्या हातातला लिव्हर दाबलेला आहे तोवरच मारा चालू. हात सुटला की बंद. कानठळ्या बसवणाऱ्या त्या आवाजात काळ्या प्लेटवर एक करडा पट्टा उमटतो आणि हळूहळू पुढे सरकतो. इतकी वर्षं यार्डात काढली, तरी तो पट्टा सरकताना दिसला की माझे पाय तिथेच थांबतात.

लांबून मखमली दिसणारं ते पोलाद जवळून खडबडीत असतं. पन्नास ते पंचाहत्तर मायक्रॉनांचे उंचवटे आणि खळगे. प्रायमर त्यांतच रुतून बसतो. गुळगुळीत पोलाद रंगाला धरून ठेवत नाही. हात मात्र लावायचा नाही. घामेजल्या बोटांचा ठसा थोड्याच वेळात तांबूस होऊन वर येतो. कोकणपट्टीतल्या जुलैत तर नुसती हवाच पुरते: सकाळी ब्लास्ट केलेली प्लेट जेवणाच्या सुट्टीपर्यंत पिवळट पडते. प्लेटचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी जास्त हवं, आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत हवी. नाहीतर प्रायमरचा डबा उघडायचाच नाही. त्या दिवसांत आम्ही सगळे आभाळाकडे बघून काम करतो.

1870 मध्ये फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्गमन यांनी ब्लास्टिंगच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तेव्हा मारा वाळूचा होता. पोलादावर आपटून वाळूचा भुगा होतो, त्यातली सिलिका श्वासावाटे फुप्फुसात जाते आणि तिथे व्रण धरतात. सिलिकोसिस बरा होत नाही. आपल्या 1948 च्या कारखाने कायद्यानेही तो कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांत घातला. आज स्टीलची ग्रिट आहे, गार्नेट आहे, कॉपर स्लॅग आहे. तरीही एखाद्या आडबाजूच्या शेडमध्ये तोंडाला गमछा बांधून वाळू मारणारा पोरगा दिसतो, आणि माझा जीव तुटतो. गमछ्यातून ती धूळ सहज आत जाते. त्याला बाहेरून हवा पुरवणारा हुड लागतो, आणि त्या हवेच्या नळीला गाळणी.

साइटवर गेलो की प्लेट नंतर. आधी हुडाची नळी कुठून येते ते बघतो, गाळणी उघडायला लावतो. ती काळी निघाली तर काम बंद. ठेकेदार वेळापत्रक दाखवतो. दाखवू दे.